डग्लस यांचा चेहरा आणि ग्लास पेंटिंग-स्टेन्ड ग्लासची गल्लत

ग्लास पेंटिंग तुम्हाला माहीत आहेच. साधी काच, काळ्या लायनरची रेघ, आत बाटलीतले रंग. सुट्टीत बहुतेकांनी केलेलं असतं आणि मजाही येते. पण गुलामगिरीविरुद्ध लढलेले अमेरिकी नेते फ्रेडरिक डग्लस यांचं तसं चित्र करून खाली ‘स्टेन्ड ग्लास’, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेलं काम, असं लिहिलं की माझं डोकं फिरतं. लायनर ही शिशाच्या पट्टीची नुसती नक्कल. खऱ्या कामात काचा कापून पट्टीच्या खाचेत बसवतात, सांध्यांना डाख देतात (वितळवलेल्या धातूने जोडतात), मग फटीत लांबी म्हणजे पुट्टी भरतात. असो, हे कुणालाही कळतं.

खरा घोळ पुढे आहे. ‘स्टेन्ड ग्लासमध्ये रंगवत नाहीत, रंग काचेतच असतो’ असं भलेभले ठोकून देतात. कोबाल्टचा निळा काचेच्या रसातच मिसळलेला असतो, हे खरं. पण डोळे-नाक वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडलेत तर चेहऱ्याचा मुखवटा होतो. चेहरा रंगवावाच लागतो. मात्र तो रंग मुख्यतः उजेड अडवायला असतो. धातूंची ऑक्साइडं आणि काचेची पूड पाणी-डिंकात खलून लावायची आणि ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजायची. मग तो काचेचाच भाग होतो, नखाने खरवडला तरी निघत नाही.

गुलाम म्हणून जन्मलेले डग्लस १८३८मध्ये मेरीलँडमधून निसटले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सर्वाधिक फोटो त्यांचेच निघाले म्हणतात. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या चित्रांना ते फोटोने उत्तर देत होते. अशा माणसाचा चेहरा बाटलीतल्या तपकिरीने सपाट भरायचा? आणि पांढऱ्या काचेवर काळे थर चढवत गेलात तर उजेडच बंद, चेहरा मेला.

कोऱ्या चहाच्या रंगाची काच घ्या. आख्ख्या तुकड्यावर त्या भाजायच्या रंगाचा पातळ थर द्या. वाळला की कपाळावरून, गालाच्या हाडावरून कडक ब्रशने हळूहळू उडवा. बुबुळातला चमकता ठिपका काडीच्या टोकाने खरवडा. हा सावलीचा थर भाजण्याआधी नेहमी उजेडासमोर धरून पाहा. टेबलावर छान दिसणारा थर खिडकीत भलताच निघतो. पांढऱ्या केसांना वेगळी काच, आणि शिशाची रेघ केसांच्या कडेने, कॉलरवरून. गालावरून कधीही नाही.

शिसं की कॉपर फॉइल, म्हणजे काचेच्या कडेला चिकटवायची तांब्याची पातळ पट्टी? छोट्या पॅनेलला फॉइल चालतं. पण त्याची डाखाची रेघ फुगीर उठते, आणि या चेहऱ्याशेजारी मला चपटं शिसंच हवं.