दंडावरचा बिल्ला

गिरगावच्या चाळीत मधुमेही आजोबांची सकाळ स्पिरिटच्या दिव्याने सुरू व्हायची. परीक्षानळीत पाच मिली निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून उकळायची. रंग निळाच राहिला तर बरं. हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला की आजी त्यांच्या चहातली साखर तोडायची. हा सगळा कारभार गॅलरीत चालायचा, त्यामुळे आजोबांचा आजचा रंग शेजारच्या खोलीतही कळायचा. माझ्या दंडावर दोन रुपयांच्या नाण्याहून जरा मोठा पांढरा बिल्ला आहे, साखर सतत मोजणारा सेन्सर. माझा रंग फक्त मोबाइलला कळतो.

या दोन टोकांमधला प्रवास हा एका अर्थी लपवाछपवीचा इतिहास आहे. साखर लपायची, आणि रोगीही लपवायचा.

लघवी गोड होते हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीच ठाऊक होतं. तिला मुंग्या लागतात हे लक्षण जुन्या संहितांत आहे, ‘मधुमेह’ हे नावही त्यातूनच आलं. ती गोडी साखरेचीच, हे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने 1776 मध्ये दाखवलं. पण लघवीत साखर उतरते तीच मुळी रक्तातली साखर साधारण 180 च्या (डेसिलिटरला मिलिग्रॅम) वर गेल्यावर. म्हणजे आजोबांची नळी निळी राहिली, तरी रक्तात 100 आहे की 170, की 50 वर घसरून ते चक्कर येऊन पडायच्या बेतात आहेत, काहीच कळत नसे. शिवाय ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली. बातमी यायची ती शिळीच.

रक्त घरच्या घरी तपासायचं वळण 1970 च्या सुमारास आलं. पट्टीवर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि किलोभराहून जड यंत्राच्या काट्यावर आकडा वाचायचा. हे यंत्र फक्त डॉक्टरांना विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन इंजिनियरला लहानपणापासून मधुमेह होता. बायको डॉक्टर असल्यामुळे त्याने ते तिच्या नावावर घेतलं, दिवसातून अनेकदा बोट टोचून आपलं खाणं आणि इन्सुलिनचं प्रमाण बसवलं. डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिशीत तो स्वतःच मेडिकलला गेला. मला या सगळ्या गोष्टीत हाच माणूस सर्वांत आवडतो.

आमचे वडील मात्र बोट टोचून घ्यायच्या पिढीतले असूनही पक्के लबाड. लॅबवाला येणार म्हटलं की आधीचे चार दिवस दुधीची भाजी आणि भाकरी. रिपोर्ट हातात आला की दादरला जाऊन जिलेबी. एचबीए1सी तपासणी आली आणि त्यांची पंचाईत झाली. ती रक्तातल्या साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, चार दिवसांच्या पथ्याला भुलत नाही. पण सरासरीतही लपायला जागा असतेच: कोणी सतत 150 वर असतो, कोणी 60 आणि 240 च्या झोक्यावर, आणि दोघांचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो.

झोके दिसायला सेन्सर लागला. त्याचं बीज 1962 मधलं. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखरेशी क्रिया करणारं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर विजेच्या भाषेत मोजायची वाट दाखवली. माझ्या कातडीखालच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या तंतूत आजही तेच तत्त्व आहे. अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळालेला पहिला सेन्सर तीनच दिवस चाले आणि त्यातले आकडे नंतर डॉक्टर बघत. रोग्याला त्या वेळी काहीच दिसत नसे. भारतात 2015 साली आलेला लिब्रे प्रो हा सेन्सरही तसाच, आकडे डॉक्टरांसाठी. रोग्याने आपला आलेख स्वतः, जेवता जेवता बघायचा, हे त्यानंतरचं. 2019 मध्ये तज्ज्ञांनी मोजमापही बदललं: बहुतेकांची साखर दिवसातला किमान 70 टक्के वेळ 70 ते 180 मध्ये असावी.

आलेखाने माझा पहिला बळी घेतला तो एकादशीचा. साबुदाण्याची खिचडी, वर गोड दही, आणि तासाभरात रेघ आकाशाला. उपास म्हणून जे पोटात जात होतं ते जवळजवळ शुद्ध पिठूळ स्टार्च होतं, हे वाचून माहीत होतं, बघितल्यावर पटलं. मुगाचं धिरडं खाल्लं की रेघ जेमतेम हलते. हे माझं झालं. इस्रायलमधल्या 2015 च्या एका अभ्यासात 800 जणांना सेन्सर लावले, तेव्हा त्याच पदार्थाने एकाची साखर चढली, दुसऱ्याची नाही. म्हणून माझा तक्ता मी मेहुण्याला देत नाही, कितीही मागितला तरी.

बिल्ल्याचं सगळंच ऐकायचं नसतं. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलं की दाबाने आकडा खोटाच खाली येतो. मी पहाटे तीनला घाबरून उठलो आणि बोट टोचलं, तर 112. जूनमध्ये घामाने चिकटपट्टी सुटते, आणि विरारच्या गर्दीत कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा त्यात अडकून बिल्ला एकदा पाचव्या दिवशीच गेला. चौदा दिवसांचे काही हजार रुपये प्लॅटफॉर्मवर.

तेवढे दर पंधरवड्याला कोण घालणार? देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचं अनुमान आहे; त्यातल्या बहुतेकांकडे साधा ग्लुकोमीटर असला तरी पुष्कळ. माझ्या ओळखीतले लोक वर्षातून एकदा-दोनदा, शक्यतो गणपतीच्या दिवसांत, बिल्ला लावतात, वहीत मोदकांची संख्या आणि वेळ लिहितात, ती वही डॉक्टरांना दाखवतात आणि बाकीचं वर्ष बोट टोचून काढतात. वडिलांना यंदा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.