मुठेचा गाळ कुठे अडला?

भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा खरा लागला, असं धरायची पद्धत आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढतो, मुठा चहाच्या रंगाची होते आणि माणसं काठावर उभी राहून पाणी किती चढलं ते बघतात. मी अलीकडे तो रंग बघतो. तो सह्याद्रीच्या झिजलेल्या मातीचा, गाळाचा रंग. समुद्राकाठच्या कांदळवनांचं (म्हणजे मॅन्ग्रोव्हच्या जंगलांचं) जगणं बऱ्याच अंशी अशा गाळावर चालतं.

अरबी समुद्र इथून जेमतेम शंभर किलोमीटरवर, पण मुठा त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. भीमा, मग कृष्णा असं करत तिचं पाणी आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे मिळायला हवं. वाटेत उजनी आहे, पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. धरणात पाणी थबकलं की गाळ तळाशी बसतो. पाणी कालव्यांना लागतं, गाळ तिथेच राहतो. कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ गेल्या शतकभरात ९० टक्क्यांहून जास्त घटल्याचा अंदाज आहे. एके काळी समुद्रात जमीन पुढे सरकवणारा तिथला त्रिभुज प्रदेश आता जागोजागी किनारा गमावतो आहे.

गाळाचं एवढं काय, तर तिवर, कांदळ, चिपी ही झाडं भरती-ओहोटीच्या चिखलात उभी असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलींसारखी वर डोकावून श्वास घेतात. दर भरतीला याच मुळांत पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. त्यात गळलेली पानं, मेलेली मुळं मिसळतात. प्राणवायूअभावी ती फार सावकाश कुजतात. (त्यांच्यातला कार्बन शेकडो वर्षं चिखलात दडून राहतो तो यामुळेच.) अशी थरावर थर बसून जमीन वर येते. समुद्र चढला तर कांदळवनही चढतं. काँक्रीटच्या भिंतीला हे जमलेलं नाही.

पण किती वेगानं चढणार? जगभरातल्या चिखलाच्या जुन्या थरांवरून २०२० मध्ये संशोधकांनी काढलेलं उत्तर असं, की समुद्र वर्षाला ६-७ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं वाढू लागला तर कांदळवनं मागे पडण्याची शक्यता फार. सध्याची जागतिक सरासरी ४ मिलिमीटरच्या आसपास आहे आणि वाढते आहे. जिथे गाळच तुटला, तिथे याहून कमी वेगालाही ती मागे पडू शकतात.

चढणं जमलं नाही तर मागे सरकायचं, हा झाडांचा दुसरा डाव. बिया भरतीबरोबर आत येतात आणि नव्या चिखलात रुजतात. मात्र मागे कुठे कोळंबीची तळी, कोकणात खारं पाणी अडवणारे खारबंधारे, रस्ते, नाहीतर ‘सी-व्ह्यू’ प्लॉट असतात, ज्यांचे ग्राहक बहुतेक आपणच. किनारपट्टीच्या २०१९ च्या नियमांत १००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचा मोकळा पट्टा दिलाय; खासगी जमिनीवर असेल तर तोही नाही. रोपं लावतानाचे फोटो छान येतात, पण मला ही मागची रिकामी जागा जास्त मोलाची वाटते.

गाळ पुढे सोडताही येतो. चीनमध्ये ह्वांग हो नदीवरच्या शियाओलांगदी धरणातून २००२ पासून मुद्दाम गाळासकट पाणी सोडतात. एकदम सोडला तर खालचे मासे गुदमरतात, त्यामुळे हे काम हलक्या हाताचं.

पुण्याचं सगळंच पाणी पूर्वेला जातं असंही नाही. मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरावर उतरतं आणि कुंडलिकेत सुटतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं. रोह्यावरून ते रेवदंड्याच्या खाडीत, तिवरांच्या मुळांपाशी पोचतं. वर्षानुवर्षं गाळ मात्र मुळशीच्या तळाशी साठतो आहे.