पक्षी धडकतो, ड्रोनही धडकतं. मग फरक काय?

"आकाशात एवढे पक्षी उडतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. माझं पाऊण किलोचं ड्रोन तेवढं सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं." ड्रोन उडवणाऱ्या हौशी मंडळींत विमानांचा विषय निघाला, की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते बिनतोड वाटलं होतं. विमानांना पक्षी धडकणं ही रोजची गोष्ट. बहुतेक वेळा विमान सुखरूप उतरतं, तंत्रज्ञ टॉर्च घेऊन नाकापासून इंजिनापर्यंत तपासतो, डाग पुसला जातो आणि विमान पुढच्या फेरीला लागतं. मग तेवढ्याच वजनाची दुसरी वस्तू आदळली तर इतका गहजब कशाला?

आधी पक्ष्यांचं पारडं बघू, कारण ते हलकं नाही. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनहून उडालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड इलेक्ट्रा विमान स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात शिरलं आणि बघता बघता पाण्यात कोसळलं. ७२ पैकी ६२ जण गेले. स्टार्लिंग म्हणजे साळुंकीचा भाऊबंद, वजन जेमतेम ८० ग्रॅम. १५ जानेवारी २००९ रोजी कॅनडा गीज नावाच्या मोठ्या हंसांनी एका एअरबस ए-३२० ची दोन्ही इंजिनं निकामी केली. ते विमान हडसन नदीवर उतरलं आणि १५५ जण वाचले, म्हणून ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात मुआन विमानतळावर १७९ जण मेले. त्या अपघाताला इतरही पदर आहेत, धावपट्टीपलीकडचा काँक्रीटचा बांध हा त्यातला मोठा. पण दोन्ही इंजिनांत बैकल टील जातीच्या बदकांची पिसं आणि रक्त सापडलं, हेही खरं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? हौशी ड्रोन धडकून प्रवासी जेट विमान पडल्याचं एकही उदाहरण नाही. त्यामुळे ड्रोन दिसलं की 'उडता बॉम्ब' म्हणून ओरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मेलेल्यांचा हिशेब मांडला तर पक्षी कितीतरी पुढे आहेत. पण 'पक्ष्यासारखंच तर आहे' हे वाक्य त्यामुळे खरं ठरत नाही. आजवर पक्षीच जास्त वेळा आडवे आले, एवढंच त्या हिशेबातून कळतं. एका धडकेत काय होतं, ते कळत नाही.

ते समजायला चिखलाचा ओला गोळा आणि तेवढ्याच वजनाचा दगड घ्या आणि दोन्ही पत्र्यावर सारख्याच जोराने मारा. वजन तेच, वेग तोच, म्हणजे ऊर्जाही तीच. चिखल पसरतो आणि पत्रा फार तर चेपतो. दगड एका ठिकाणी घुसतो. विमानाच्या वेगाला पक्ष्याचं शरीर जवळजवळ पाण्यासारखं वागतं. मांस आणि पोकळ हाडं आदळताक्षणी पसरतात आणि मार मोठ्या भागावर वाटला जातो. ड्रोनचं प्लॅस्टिकचं कवच फुटतं, ते एक वेळ सोडून देऊ. आतल्या मोटारी म्हणजे तांब्याची वेटोळी, चुंबकं आणि पोलादी दांडा. त्यात बॅटरीचा घट्ट ठोकळा आणि कॅमेरा. हे पसरत नाही.

विमान बनवणारे मात्र पक्षीच डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेने सुमारे १.८ किलोचा पक्षी झेलला पाहिजे आणि काच फुटून आत येता कामा नये, असा नियम आहे. अमेरिकी नियमांत शेपटासाठी हेच वजन दुप्पट, ३.६ किलो. इंजिनांच्या चाचण्या वेगळ्या. लहान-मध्यम पक्ष्यांचा थवा गिळूनही इंजिनाने जोर देत राहायचं असतं. मोठा एकटा पक्षी गेला तर बंद पडलं तरी चालेल, पण आग लागता कामा नये आणि तुकडे बाहेर उडता कामा नयेत. या चाचण्यांसाठी दाबलेल्या हवेची तोफ असते. तिच्यातून मेलेली कोंबडी किंवा पक्ष्याच्या घनतेचा जिलेटिनचा गोळा डागतात. या तोफेची एक दंतकथा विमान अभियंत्यांत फार लाडकी आहे. कुणीतरी ती उसनी नेली, कोंबडी डागली, तर ती काच फोडून, खुर्ची फाडून मागच्या भिंतीत जाऊन रुतली. घाबरून तोफेच्या मालकांना कळवलं तर एका ओळीचं उत्तर आलं: कोंबडी आधी वितळू द्या.

ड्रोन ही ती न वितळलेली कोंबडी आहे. आणि तिच्यासाठी विमानाला कुठलीच चाचणी पास करावी लागत नाही.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी विद्यापीठांच्या अॅश्युअर या गटाने २०१७ साली संगणकावर अशा धडका तपासल्या. १.२ किलोचं चार पंख्यांचं ड्रोन आणि १.८ किलोचं पंखवालं ड्रोन घेतलं आणि तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच वेगाच्या पक्ष्याशी तुलना केली. ड्रोनने विमानाचं केलेलं नुकसान जास्त निघालं. त्यात एक उलटी गोष्टही दिसली. वेग फार असला तर बॅटरीचा चुराडा होतो. वेग कमी असला तर ती अर्धवट चेंबटून विमानाच्या आतच अडकू शकते, आणि लिथियमची चेंबटलेली बॅटरी पेट घेऊ शकते. पुढच्या वर्षी डेटन विद्यापीठाच्या संशोधकांनी खरंखुरं फँटम ड्रोन ताशी २३८ मैलांनी छोट्या मूनी विमानाच्या पंखावर डागलं. ते पंखाची पुढची कड फोडून आत गेलं आणि ज्या मुख्य तुळईवर पंख तोललेला असतो, त्या स्पारला जाऊन लागलं. त्याच वजनाच्या जिलेटिनच्या 'पक्ष्या'ने वरवर जास्त पत्रा फाडला, पण तो इतका आत गेला नाही. हे फँटम बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने या चाचणीवर हरकत घेतली: ड्रोन आणि ते छोटं विमान यांचे कमाल वेग मिळवले तरी एवढा वेग होत नाही. हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण मोठी विमानं त्याहून बऱ्याच जास्त वेगाने जातात, हेही विसरता येत नाही.

"माझं तर अडीचशे ग्रॅमच्या आतलं आहे," हा पुढचा बचाव. २५० ग्रॅमची वस्तू २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर वेगाने आदळली तर सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा होते. दोन किलोचा हातोडा १०० मीटर उंचीवरून सोडला तर एवढीच होते. हेलिकॉप्टर एवढं वेगात जात नाही, पण त्याची काचही तितकी जाड नसते. अमेरिकी नियमांत लहान हेलिकॉप्टरांच्या काचेला पक्ष्याचीसुद्धा अट नाही. रुग्ण नेणारी, शोध घेणारी, रस्त्यावरच्या अपघातावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं नेमकी कमी उंचीवर असतात, जिथे ड्रोनही असतात.

यावर कुणी म्हणेल, वैमानिकाला दिसत नाही का? तीस सेंटिमीटरचं ड्रोन ३०० मीटरवरून तेवढंच दिसतं, जेवढं २५ मीटरवर ठेवलेलं एखादं नाणं. सेकंदाला ७० मीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला हे ३०० मीटर कापायला साडेचार सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्यात जी वस्तू खरोखर धडकणार असते ती काचेवर एका जागी स्थिर दिसते, सरकत नाही. आपली नजर सरकणाऱ्या गोष्टी टिपते, थांबलेला ठिपका सोडून देते. पक्ष्याच्या बाबतीत निदान समोरचा जीव स्वतः तिथे हजर असतो. त्याला आवाज येतो, तो पंख मिटून खाली बुडी मारतो. दरवेळी साधतं असं नाही, पण जीव वाचवायची धडपड दोन्हीकडून होते. ड्रोनवाला दूर उभा राहून पडद्यात बघत असतो. कॅमेरा समोर किंवा खाली रोखलेला. मागून, वरून येणारं हेलिकॉप्टर त्या चौकटीत येतच नाही. अडथळे ओळखणारे सेन्सर असतात, पण ते झाड आणि भिंत चुकवण्यासाठी.

आणखी एक फरक आहे, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पक्षी कुठे असतील याचा बराचसा अंदाज असतो. विमानतळांच्या आसपास, कमी उंचीवर, ठरावीक ऋतूंत, ठरावीक वेळांना. म्हणून विमानतळावर गवत किती उंच ठेवायचं यावरही विचार होतो, पक्षी हुसकावणारी माणसं असतात, टॉवर वैमानिकांना सावध करतो. आग लागली की बहुतेक पक्षी पळतात. ड्रोन नेमकं तेव्हा येतं, कारण तमाशा तिथे असतो.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा पेटला होता. कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या सरकारच्या मालकीचं, पाणी उचलून आगीवर टाकणारं 'सुपर स्कूपर' विमान मदतीला आलं होतं. ९ जानेवारीला एका माणसाने सांता मोनिकातल्या पार्किंग इमारतीच्या वरच्या मजल्यावरून ड्रोन सोडलं, आगीच्या दिशेने अडीच किलोमीटर नेलं आणि ते त्याच्या नजरेआड झालं. विमानाच्या डाव्या पंखाला सुमारे तीन बाय सहा इंचांचं भोक पडलं. वैमानिकांनी ते सुखरूप उतरवलं, पण आग भडकलेली असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर राहिलं. त्या माणसाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दुरुस्तीचे ६५ हजार डॉलरांहून जास्त पैसे आणि १५० तासांची समाजसेवा मान्य केली.

धडक बसली नाही तरी नुकसान होतंच. पक्षी दिसल्याचं वैमानिकाने कळवलं तर मागच्यांना सावध केलं जातं आणि काम चालू राहतं. वणव्यावर ड्रोन दिसलं तर सगळी विमानं खाली बोलावतात. ती दीडशे फुटांपर्यंत खाली येऊन, धुरात, भाराने जड होऊन उडत असतात. तिथे जुगार खेळता येत नाही. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री ड्रोन दिसल्याची खबर आली आणि ऐन नाताळच्या गर्दीत सुमारे हजार उड्डाणं आणि १,४०,००० प्रवासी अडकले. ड्रोन काही सापडलं नाही, कुणावर गुन्हाही सिद्ध झाला नाही.

इथे ड्रोनवाल्यांच्या एका तक्रारीत तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. न दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचं खापर त्यांच्यावर फुटतं. एप्रिल २०१६ मध्ये हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानाला ड्रोन धडकल्याची बातमी जगभर गेली. काही दिवसांनी ब्रिटिश मंत्रीच म्हणाले, कदाचित प्लॅस्टिकची पिशवी असेल. जानेवारी २०१७ मध्ये मोझांबिकमधल्या टेटे इथे एका बोइंग ७३७ चं नाक चेपलं, बोट ड्रोनकडे गेलं. तपासात निघालं की नाकाचं ते आवरणच कमजोर होऊन आत गेलं होतं.

धडक खरी असेल तर मात्र दोघेही खूण ठेवून जातात. पक्ष्याच्या चिकट अवशेषांना या क्षेत्रातली मंडळी 'स्नार्ज' म्हणतात. ओल्या कागदाने ते पुसून पाकिटात घालतात आणि अमेरिकेत स्मिथसोनियनच्या पिसं ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पिसावरून किंवा डीएनएवरून जात कळते. कोणता पक्षी, ते कळतं. कोणाचा, हा प्रश्नच नसतो.

ड्रोनच्या बाबतीत काय होतं, ते २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडला दिसलं. सुमारे ३०० फुटांवरून जाणाऱ्या लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला फँटम ४ धडकलं. मुख्य रोटरच्या एका पात्याला दीड इंचाचा चेपा पडला, खिडकीच्या चौकटीला तडे गेले. हेलिकॉप्टर नीट उतरलं. उडवणारा सुमारे अडीच मैलांवर टॅब्लेट बघत उभा होता. त्या भागात उड्डाणावर तात्पुरती बंदी आहे हे त्याला माहीत नव्हतं. सिग्नल तुटला तेव्हा त्याने अर्धा तास वाट पाहिली. ड्रोन परत आलं नाही, तेव्हा काहीतरी बिघाड होऊन पाण्यात पडलं असेल, असं समजून तो गप्प राहिला. हेलिकॉप्टरमध्ये ड्रोनची एक मोटर, तिच्या दांड्याच्या तुकड्यासकट, सापडली. तिच्यावर क्रमांक होता. त्या क्रमांकावरून कंपनीच्या नोंदीत मालक निघाला, आणि तपास अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपलं ड्रोन कुठे गेलं होतं.