खोटी शिकवण (ख्रिस्ती परंपरा)

ख्रिस्ती मंडळीत राहून, ख्रिस्ताचेच नाव घेऊन दिलेली, पण प्रेषितांकडून, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांकडून, आलेल्या सुवार्तेचा गाभा बदलणारी शिकवण. अन्य धर्मांची मते या सदरात येत नाहीत. खोटा शिक्षक नेहमी घरचाच असतो. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, यांसारखे मतभेदही आज सहसा यात धरले जात नाहीत.

मराठीत यासाठी ‘पाखंड’ हा शब्द रूढ आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सगळ्याच पासंडांचा मान राखावा असे तो बजावतो. ‘हैरेसिस’ या ग्रीक शब्दाचाही मूळ अर्थ ‘निवड’, त्यावरून ‘पंथ’. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सदूकी आणि परूशी या दोन्ही यहुदी पंथांना तोच शब्द लावला आहे. पुढे दोन्ही शब्दांची शिवी झाली.

खोटी शिकवण ओळखण्याच्या कसोट्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या भागात, विखुरलेल्या आहेत. मेंढरांच्या वेषातले लांडगे त्यांच्या फळांवरून ओळखावेत, असे येशू सांगतो (मत्तय ७). गलतीया येथील मंडळ्यांना लिहिताना प्रेषित पौल स्वतःलाही सूट देत नाही: आम्ही किंवा स्वर्गातल्या देवदूताने जरी निराळी सुवार्ता सांगितली, तरी ती नाकारा. बिरुया या गावच्या लोकांचे ‘प्रेषितांच्या कृत्यां’त कौतुक होते ते पौलाचे म्हणणे रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिल्याबद्दल. योहानाच्या पहिल्या पत्रातली कसोटी थेट ख्रिस्ताविषयीची आहे: तो देह धारण करून आला हे कबूल आहे की नाही? ख्रिस्ताचे शरीर हा केवळ आभास होता, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. चमत्कार मात्र पुरावा ठरत नाही. संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले आणि तरीही तो दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला तर त्याचे ऐकू नये, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात आधीच म्हटले आहे. रोगमुक्तीच्या सभांना होणारी गर्दी पाहता ही कसोटी सर्वांत कमी वापरली जाते असे दिसते.

व्यवहारी कसोट्या हव्या असतील तर ‘डिडाखे’ ही छोटी पुस्तिका पाहावी. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची ही पुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका हस्तलिखितात पुन्हा सापडली. त्या काळी फिरते उपदेशक गावोगाव येत. त्यांचे स्वागत करावे, पण एक दिवस, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा संदेष्टा. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढणारी आपली म्हण आठवावी, असाच हा हिशेब. निघताना वाटेपुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने ताट मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला, तरीही खोटा. हे लिहिणाऱ्याने असे बरेच पाहुणे पोसलेले असावेत.

सिद्धांताच्या पातळीवर काम एवढे सोपे नव्हते. जुना करार आणि त्यातला देवच नाकारणाऱ्या मार्सियनला रोमच्या मंडळीने १४४च्या सुमारास बाहेर काढले आणि त्याने दिलेली मोठी देणगी परत केली. त्याने लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची १० पत्रे, तीही काटछाट करून, एवढेच शास्त्र मानले होते. त्यामुळे आपले शास्त्र नेमके कोणते, हे इतरांनाही ठरवावे लागले; नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची यादी प्रथम अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याच्या ३६७ मधल्या पत्रात मिळते. लियाँचा बिशप इरेनियस याने १८०च्या सुमारास दिलेला दृष्टान्त आजही उपयोगी आहे. रत्ने जडवून राजाचे चित्र केले आहे. कोणी ती उचकटून त्यांचाच कोल्हा मांडतो आणि म्हणतो, रत्ने तर तीच आहेत! वचने खरी असूनही शिकवण खोटी असू शकते ती अशी. म्हणून सुटे वचन पुरत नाही, चित्र माहीत असावे लागते. त्या चित्राला इरेनियस ‘सत्याचा नियम’ म्हणतो.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस हे याचे मोठे उदाहरण. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा देवाने निर्माण केलेला, तो नव्हता असाही एक काळ होता, असे तो म्हणे, आणि ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातले वचन पुढे करी. खलाशी, दळणारे, वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणी रचली, असे जुना इतिहासकार सांगतो. पांडित्यापेक्षा चाल लवकर पसरते. ३२५ मध्ये नायसीया येथील परिषदेने त्याला नाकारले. मात्र त्यासाठी वापरलेला ‘पित्याशी एकतत्त्व’ हा शब्द बायबलात नव्हता आणि त्यामुळे पुष्कळांना खटकला. वाद पुढे अर्धशतक चालला; नायसीयाची बाजू लढवणारा अथेनेशियस पाच वेळा हद्दपार झाला.

प्रतिसादाची मूळ रीत सौम्य आहे. अपुल्लो या उपदेशकाची शिकवण अपुरी दिसली तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या दांपत्याने त्याला सभेत न अडवता बाजूला घेऊन समजावले. तीताच्या पत्रात फुटीर माणसाला एकदोनदा बोध करून मग दूर राहण्याचा सल्ला आहे. त्यापुढची शिक्षा नव्या करारात मंडळीच्या हाती दिलेली नाही. ती आली राजसत्तेबरोबर. ३८५च्या सुमारास ट्रिअर येथे प्रिसिलियन या बिशपचा शिरच्छेद झाला. तूरचा मार्टिन आणि मिलानचा अँब्रोज या बिशपांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, १५६० पासून, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालले. तिथे सिद्धांताइतकेच, किंबहुना अधिक, बाटलेल्या कुटुंबांचे जुने रीतिरिवाज तपासले गेले.

विसाव्या शतकात चित्र उलटले. १९३४च्या मे महिन्यात जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी सहा कलमांचे निवेदन काढले. प्रत्येक कलमात ‘ही खोटी शिकवण आम्ही नाकारतो’ असे आहे आणि रोख नाझी सत्तेपुढे झुकणाऱ्या चर्चवर आहे. ज्यूंबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या रूपाने दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याचे तत्त्व, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, त्यांना पटेना. तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार आणि पाखंड दिसले. हिंदू पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंचे उत्तर होते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना पत्रांतून सविस्तर उत्तरे दिली. रमाबाई चर्च सोडून गेल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत करत राहिल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.