मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मेंदूतील स्थानांतर

मोठे आतडे किंवा गुदाशय यांतील मूळ कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन रुजल्यामुळे तयार होणाऱ्या दुय्यम गाठी. मेंदूतील दुय्यम गाठींचे मूळ बहुधा फुप्फुस, स्तन किंवा त्वचेच्या मेलॅनोमात (रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगात) असते. आतड्याच्या कर्करोगात हा प्रकार विरळा असून निरनिराळ्या रुग्णमालिकांत तो साधारण १ ते ४ टक्के रुग्णांत नोंदला आहे. मूळ निदानानंतर बहुधा दोन-तीन वर्षांनी तो उघडकीस येतो. नव्या औषधांमुळे रुग्ण अधिक काळ जगू लागल्याने प्रमाण वाढत असावे, असा एक समज आहे. मात्र एमआरआय तपासणी सर्रास होऊ लागल्याचाही त्यात वाटा असू शकतो.

पेशी मेंदूपर्यंत कोणत्या वाटेने जातात, याविषयी मतभेद आहेत. आतड्यातील बहुतेक रक्त प्रवेशिका नीलेतून (आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून) प्रथम यकृतात जाते, म्हणून यकृतातील गाठी सर्वाधिक. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र यकृत टाळून अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत) व तेथून हृदयावाटे फुप्फुसात पोहोचते. गुदाशयाच्या कर्करोगात फुप्फुस आणि मेंदू अधिक वेळा बाधित होतात, त्याची संगती यातून लागते. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४० मध्ये वेगळा मार्ग सुचवला: मणक्यांभोवतीच्या नीलांच्या जाळ्याला झडपा नसतात, खोकताना किंवा कुंथताना पोटातील दाब वाढला की ओटीपोटातील रक्त या जाळ्यातून वर सरकू शकते. पोट व ओटीपोटातील कर्करोगांच्या गाठी लहान मेंदूत (तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागात) अपेक्षेपेक्षा अधिक आढळतात, याचे स्पष्टीकरण या मार्गाने देण्यात येते. परंतु तसे असते, तर मणक्यांतही त्याच प्रमाणात गाठी दिसायला हव्या होत्या. शिवाय मेंदूत गाठ आढळलेल्या बऱ्याच रुग्णांच्या फुप्फुसात आधीच रोग असतो. त्यामुळे फुप्फुसावाटे धमन्यांतून होणारा प्रसार हाच मुख्य मार्ग मानणे अधिक सयुक्तिक वाटते. केवळ रक्तप्रवाहाने सारे उलगडत नाही, हे इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडले होते: बी सर्वत्र पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीत. आरएएस या पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तन (बदल) असलेल्या अर्बुदांत (गाठींत) फुप्फुस व मेंदूतील प्रसार अधिक दिसतो, ही निरीक्षणे या मताला पूरक आहेत.

डोकेदुखी, ओकारी, फिट येणे, एका बाजूची शक्ती जाणे ही लक्षणे परिचित आहेत. घात होतो तो लहान मेंदूतील गाठीत. रुग्ण भिंतीचा आधार घेऊन चालतो, सकाळी उठताच ओकतो. ओकारी केमोथेरपीच्या खाती आणि तोल जाणे ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधामुळे आलेल्या पायांच्या बधिरतेच्या खाती जमा होते आणि निदान लांबते. लक्षणे नसताना सर्वांची नियमित मेंदू तपासणी करण्याची शिफारस नाही. म्हणूनच नव्याने सुरू झालेल्या अशा तक्रारीला फार महत्त्व आहे. मूळ रोग अज्ञात असल्यास गाठीचा तुकडा तपासतात: ग्रंथीसारखी रचना, मध्ये मृत पेशींचा साका, पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांपैकी सीके२० व सीडीएक्स२ सकारात्मक आणि सीके७ नकारात्मक, असे चित्र आतड्याकडे बोट दाखवते.

गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. गाठ एकच आणि हाती येण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया व किरणोपचार मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ४० आठवडे, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांचे १५ आठवडे होते. पण त्यात बहुसंख्य रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचे होते, हे विसरता येत नाही. मोजक्या लहान गाठींसाठी अचूक नेम धरून एकाच वेळी मोठी मात्रा देणारी रेडिओसर्जरी वापरतात. अनेक गाठी असल्यास संपूर्ण मेंदूला, बहुधा १० भागांत ३० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), किरणे देतात. एकंदर आयुर्मान बहुधा काही महिन्यांचेच असते. एकच गाठ काढता आलेले आणि इतरत्र रोग आटोक्यात असलेले काही जण वर्षाहून अधिक जगतात.