पुस्तक वाचून झाल्यावरचा प्रकल्प : पार्श्वभूमी

राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांचा 'प्रकल्प पद्धती'वरचा निबंध छापून आला. मनापासून हाती घेतलेल्या कामातून मूल शिकतं, हा त्याचा गाभा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. तरी आज कोल्हापुरातल्या वर्गात पुस्तक संपल्यावर मुलं कागद-कात्री घेऊन बसतात, त्यामागे हे दोन्ही आहे.

हाताच्या कामातून शिकण्याचा विचार आपल्याकडे गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने मांडला, पण तिथे भर सूतकताईसारख्या उद्योगांवर होता. चित्रांतून गोष्ट सांगायची रीत तर फार जुनी. घाटाखाली पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारत सांगत आले. भाषेच्या तासाला मात्र बरीच वर्षं 'सारांश लिहा' यावरच भागलं. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाला गुण मिळू लागले. गुणांपाठोपाठ दुकानातले तयार तक्ते आणि पालकांनी रंगवलेली मुखपृष्ठंही आली. पुस्तक न उघडता जो करता येतो, तो प्रकल्प वाचनाच्या काहीच कामाचा नाही.

घडीचं पुस्तक, म्हणजे कागदाची लांब पट्टी एकदा आत, एकदा बाहेर दुमडून केलेलं पुस्तक, इथे उपयोगी पडतं. २२ × २८ इंची कार्डशीट लांबीत मधोमध कापली की चार-चार मुलांच्या दोन गटांना पुरते. प्रत्येक तुकड्यावर साडेतीन इंचांवर खुणा केल्या की आठ पानं पडतात. तीनदा दुमडून घड्या पाडायला जाऊ नये. कार्डशीट जाड असते, शेवटच्या घडीला रेघ सरकते आणि कडा चिरते. फुटपट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबावी, मग एक घडी आत, एक बाहेर.

खरी गडबड पुढे होते. मुलं पहिल्या पानापासून चित्रं काढत सुटली, की आठातली पाच पानं पहिल्या दोन प्रकरणांतच जातात आणि शेवट कोंबावा लागतो. म्हणून आधी पाठकोऱ्या कागदावर आठ प्रसंग लिहून घ्यावेत, त्यातही शेवटचा पहिल्यांदा. प्रत्येक चित्राखाली पुस्तकातला पानक्रमांक हवाच. तो शोधायला पुस्तक पुन्हा उघडावं लागतं, आणि मग कुणीतरी ओरडतं, "सर, इथं पाऊस नव्हताच की!" आणि काढलेला पाऊस खोडायला घेतं.