बीळ ऑस्ट्रेलियात, शिकार अरबी समुद्रात

नागपूरच्या पक्षिनिरीक्षकाने अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठी जन्म घालवला, तरी शिअरवॉटर दिसेल अशी आशा त्याने धरू नये. हा पक्षी खुल्या समुद्राचा. जमिनीवर तो येतो तो केवळ विणीपुरता. पण ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची विदर्भ जूनमध्ये डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तेच वारे या पक्ष्यांपैकी एका जातीचे पोट भरतात.

ती जात म्हणजे फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. अंग गडद तपकिरी, पाय फिकट गुलाबी, आकार आपल्या गावकावळ्याहून किंचित मोठा आणि पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे एक मीटर. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटांवर हे पक्षी जमिनीत बिळे करून राहतात. मादी एका हंगामात एकच अंडे घालते आणि नर-मादी ते आळीपाळीने उबवतात. पाय शरीराच्या फार मागे असल्यामुळे त्यांना जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून शत्रूची नजर चुकवत ते बिळाकडे येतात ते अंधार पडल्यावरच.

एप्रिल-मेमध्ये वीण आटोपली, की यांतले अनेक पक्षी विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्र गाठतात. त्या सुमारास सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना समांतर असे जोरदार मोसमी वारे वाहू लागतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे, वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर मासे आणि माकूळ, आणि या सगळ्यांवर शिअरवॉटर. आपण ज्याला पावसाळा म्हणतो, तो या पाण्यात सुगीचा हंगाम असतो.

एवढ्या अफाट पाण्यात अन्न सापडते कसे? सूक्ष्म प्राणी सूक्ष्म वनस्पतींना खातात तेव्हा डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो, आणि या कुळातील कित्येक पक्षी त्याच्या वासाचा माग काढतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. त्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. समुद्राच्या पाण्याबरोबर पोटात गेलेले जादा मीठ डोळ्यांच्या वरच्या ग्रंथींतून वेगळे होऊन याच नाकावाटे बाहेर पडते. उडण्याचे तंत्रही काटकसरीचे आहे: लाटांलगतचा वारा मंद आणि वरचा वेगवान असतो, या फरकाचा फायदा घेत पक्षी पंख फारसे न हलवता वर-खाली झोके घेतो. लाटांना पंखाचे टोक जवळजवळ टेकवत, पाणी कातरत गेल्यासारखा तो दिसतो; नाव त्यावरूनच पडले.

दिशाज्ञानाविषयी मात्र मला सर्वांत जास्त नवल वाटते. १९५२ मध्ये वेल्सच्या स्कोकहोम बेटावरचा एक मँक्स शिअरवॉटर विमानाने अमेरिकेत बॉस्टनला नेऊन सोडला. सुमारे ५,००० किलोमीटरचे अंतर कापून तो साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला. त्याला सोडल्याची खबर देणारे पत्र त्याच्यानंतर पोहोचले.

पाऊस ओसरून विदर्भात कापसाची बोंडे फुटू लागतात, तोवर अरबी समुद्रातले हे पाहुणे दक्षिणेकडे वळलेले असतात आणि ऑस्ट्रेलियाच्या बेटांवर रात्री पुन्हा बिळे उकरणे सुरू झालेले असते.